पुरातत्त्वीय स्थळपरीक्षण, बांधकामपूर्व

पुरातत्त्वीय स्थळपरीक्षण, बांधकामपूर्व : कारखाना, वीजकेंद्र, खाण, धरण, महामार्ग यांसारखे मोठे बांधकाम हाती घेण्यापूर्वी नियोजित जागेत प्राचीन मानवी वस्तीचे अवशेष आहेत किंवा काय, असल्यास त्यांचा विस्तार, खोली, काळ व महत्त्व काय आणि बांधकामामुळे त्यांची कितपत हानी होईल, हे ठरविण्याची पद्धतशीर प्रक्रिया. संशोधनासाठी केल्या जाणाऱ्या नेहमीच्या उत्खननापेक्षा तिचे स्वरूप वेगळे असते. संशोधक आपल्या प्रश्नाला अनुरूप असे स्थळ निवडतो; येथे मात्र जागा उद्योगाच्या सोयीने आधीच निवडलेली असते आणि मुदतही बांधकामाच्या वेळापत्रकाने ठरलेली असते. ज्ञान मिळविणे हा तिचा हेतू आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचा हेतू निर्णयाला आधार पुरविणे हा होय. म्हणून परीक्षण किती कसोशीने केले यापेक्षाही ते केव्हा केले, यावर त्याची उपयुक्तता अवलंबून असते. आराखडा बदलता येण्याजोगा असतो तोपर्यंत परीक्षणातून स्थळाचे रक्षण होऊ शकते. तो कायम झाल्यानंतर त्यातून बहुधा केवळ नोंद हाती येते.

आवश्यकता : जमिनीतील पुरावा हा पुन्हा निर्माण न होणारा ठेवा आहे. तोडलेले जंगल काही पिढ्यांनी उभे राहू शकते. परंतु विस्कटलेला वस्तीचा थर पुन्हा जुळविता येत नाही. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने वस्तूइतकेच तिच्या जागेला महत्त्व असते. एखादे खापर कोणत्या जमिनीवर, कोणत्या चुलीशेजारी, कोणत्या थराखाली सापडले, हे कळले तरच त्यावरून काळ व जीवनपद्धती यांविषयी काही सांगता येते. यंत्राने उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यातून तेच खापर उचलले, तर ते संग्रहात ठेवण्याजोगी एक वस्तू एवढेच उरते. शास्त्रशुद्ध उत्खननही एका अर्थाने विनाशच असतो. कारण उत्खनकाला खालचा थर पाहण्यासाठी वरचा थर काढून टाकावा लागतो. फरक एवढाच, की तो काढण्यापूर्वी त्याची मोजमापे, आरेखने व छायाचित्रे घेतली जातात [⟶ उत्खनन].

अशा परीक्षणाअभावी काय घडते, याचे हडप्पा हे भारतीय उपखंडातील ठळक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान लोहमार्ग घालताना तेथील प्राचीन विटा भरावासाठी खणून नेण्यात आल्या. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७२–७३ च्या आपल्या वृत्तांतात, या विटा सु. १६० किमी. (१०० मैल) लांबीच्या मार्गाला पुरून उरल्या, असे नमूद केले आहे. या विटा कोणत्या संस्कृतीच्या होत्या, हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते. १९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी तेथे उत्खनन सुरू केले, तेव्हा वरच्या भागातील बराच पुरावा नाहीसा झाला होता. ही हानी कोणी जाणूनबुजून केलेली नव्हती. जागेची किंमत ठरविण्यापूर्वीच तिचा उपयोग ठरला होता.

महाराष्ट्रात प्राचीन वसाहतीची टेकाडे लोकव्यवहारात ‘पांढरी’ या नावाने ओळखली जातात. गावाच्या जमिनीची ‘काळी’ म्हणजे शेतीची आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची, अशी जुनी विभागणी आहे. शेकडो वर्षांच्या राख, शेण, कोसळलेल्या भिंती व केरकचरा यांनी बनलेली वस्तीची माती आसपासच्या काळ्या मातीहून फिकट दिसते, यावरून हे नाव पडले. हीच माती घरे बांधण्यासाठी आणि शेतात खत म्हणून टाकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेल्यामुळे अनेक टेकाडे झिजली. मात्र फावडे-टोपल्यांनी जे शतकानुशतके झिजत आले, ते सपाटीकरणाच्या यंत्रांनी काही दिवसांत नाहीसे होते. आधुनिक बांधकामाने प्रश्नाला जी तीव्रता आणली, ती या वेगामुळे होय.

ऐतिहासिक विकास : बांधकामामुळे नष्ट होणाऱ्या अवशेषांची आधी पाहणी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न ईजिप्तमध्ये झाला. आस्वान येथील जुन्या धरणाची उंची वाढविण्याचे ठरल्यावर १९०७–११ या काळात जॉर्ज राइझ्‌नर व त्यांचे सहकारी यांनी न्यूबियातील बुडणाऱ्या प्रदेशाचे सर्वेक्षण केले. पुढे आस्वानच्या उच्च धरणाच्या वेळी यूनेस्कोने मार्च १९६० मध्ये सर्व राष्ट्रांना आवाहन केले आणि अबू सिंबेलची मंदिरे कापून, सु. ६५ मी. उंचीवर नेऊन १९६८ पर्यंत पुन्हा उभारण्यात आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दुसऱ्या महायुद्धानंतर नद्यांच्या खोऱ्यांत धरणांची मालिका उभी राहू लागली, तेव्हा १९४६ पासून जलाशयांच्या क्षेत्रांची पुरातत्त्वीय पाहणी सुरू झाली.

भारतातील या प्रकारचे सर्वांत मोठे कार्य आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी नागार्जुनकोंडा येथे झाले. इक्ष्वाकू राजांची राजधानी विजयपुरी आणि तिच्याभोवतीचे बौद्ध विहार व स्तूप ज्या खोऱ्यात होते, तेथेच नागार्जुनसागर प्रकल्पाचा जलाशय होणार होता. १९५४–६० या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आर्. सुब्रह्मण्यम् यांच्या नेतृत्वाखाली शंभरांहून अधिक ठिकाणी उत्खनन केले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे अवशेष त्यातून उजेडात आले. निवडक नऊ वास्तू उंच जागी हलविण्यात आल्या, काहींच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या आणि वस्तूंचे संग्रहालय आता बेट बनलेल्या टेकडीवर १९६६ मध्ये उघडण्यात आले. हे कार्य गौरवास्पद होते. तथापि धरणाची जागा ठरल्यावरच ते सुरू झाल्यामुळे पुरातत्त्वज्ञांपुढे ‘वाचवावे किंवा नाही’ हा प्रश्न नव्हता, ‘पाणी येण्यापूर्वी काय काय उचलता येईल’ हा होता. अशा कार्याला ‘बचाव पुरातत्त्व’ म्हणतात.

बचावाकडून पूर्वपरीक्षणाकडे झालेले संक्रमण हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महत्त्वाचा बदल होय. १९६६ च्या अमेरिकन राष्ट्रीय ऐतिहासिक परिरक्षण अधिनियमाच्या १०६ व्या कलमाने, संघशासनाचा पैसा वा परवाना लागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाचा ऐतिहासिक स्थळांवरील परिणाम आधी विचारात घेणे बंधनकारक केले. नोव्हेंबर १९६८ मध्ये यूनेस्कोने सार्वजनिक वा खाजगी बांधकामांमुळे धोक्यात येणाऱ्या सांस्कृतिक मालमत्तेविषयी शिफारस स्वीकारली. तीत प्राथमिक सर्वेक्षणे पुरेशी आधी व्हावीत आणि त्यांचा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकातच धरला जावा, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. ब्रिटनमध्ये १९८९ साली लंडनच्या सदर्क भागात कार्यालयीन इमारतीच्या पायासाठी खणताना एलिझाबेथकालीन ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष निघाले. परवानगी आधीच दिलेली असल्याने मोठा वाद झाला आणि अखेर अवशेष खाली राखून इमारत वर उभी राहील, असा फेरबदल करावा लागला. पुढच्याच वर्षी शासनाने काढलेल्या मार्गदर्शिकेने बांधकामाची परवानगी मागणाऱ्यानेच आधी पुरातत्त्वीय माहिती सादर करावी, असा दंडक घातला. यूरोपीय देशांनी जानेवारी १९९२ मध्ये माल्टातील व्हॅलेटा येथे केलेल्या करारात हेच तत्त्व स्वीकारले. फ्रान्सने २००१ च्या कायद्याने ‘प्रतिबंधक पुरातत्त्व’ ही स्वतंत्र सार्वजनिक सेवा मानली.

परीक्षणाचे टप्पे : परीक्षण साधारणतः चार टप्प्यांत होते. प्रत्येक टप्प्यात खर्च व जमिनीची हलवाहलव वाढत जाते. म्हणून आधीच्या टप्प्याने गरज दाखविली तरच पुढचा टप्पा हाती घेतला जातो.

(१) कागदोपत्री पाहणी : पूर्वीचे उत्खननवृत्तांत, जिल्हा गॅझेटिअरे, कोरीव लेखांच्या सूची, जुने नकाशे, जमीनमहसुलाची दप्तरे, तसेच हवाई व उपग्रह छायाचित्रे यांचा येथे अभ्यास होतो. महाराष्ट्रात शेतांची व जागांची नावे विशेष उपयोगी पडतात. ‘पांढरी’, ‘गढी’, ‘जुने गाव’ यांसारख्या नावांखाली बहुधा वस्तीचे थर आढळतात. अनेक प्राचीन टेकाडांवर उत्तरकाळात गढ्या बांधल्या गेल्या. गावातील वृद्धांना नांगरटीत कोठे खापरे, विटा वा नाणी निघतात, हे ठाऊक असते. प्रकल्पाच्या मुख्य जागेइतकेच लक्ष त्याच्या उपांगांकडे द्यावे लागते. पोचरस्ते, भरावासाठी मुरूम काढण्याच्या खाणी, जलवाहिन्या, राखेची तळी व कामगारांच्या वसाहती मुख्य आवाराबाहेर असतात आणि स्थळांची हानी पुष्कळदा तेथेच होते.

(२) पृष्ठ-सर्वेक्षण : पाहणी करणारे ठरावीक अंतराने समांतर रेषांत जमिनीवरून चालत जातात आणि खापरे, दगडी हत्यारे, विटा, लोहमळी, हाडे यांच्या जागा नकाशावर टिपतात. यासाठी ऋतूची निवड महत्त्वाची असते. खरिपाचे पीक उभे असताना जमीन दिसत नाही. सुगीनंतर नांगरलेल्या शेतात मात्र खालून वर आलेले अवशेष स्पष्ट दिसतात, विशेषतः एखादा पाऊस पडून गेल्यावर. केवळ प्रकल्पाच्या घाईमुळे पावसाळ्यात उरकलेली पाहणी म्हणूनच विश्वसनीय ठरत नाही.

(३) भूगर्भीय तपासणी : जमीन न खणता खालचे अवशेष ओळखण्यासाठी विद्युत् प्रतिरोधाचे मापन, चुंबकमापक व भूभेदी रडार ही साधने वापरली जातात. जमिनीत पुरलेल्या भिंती, बुजलेले खंदक व भट्ट्या यांमुळे भोवतालच्या मातीच्या गुणधर्मांत जो फरक पडतो, तो ही साधने नोंदवितात. विमानातून लेसर किरण सोडून भूपृष्ठाचे उंचसखल रूप टिपणारी लायडार पद्धती झाडीखालील बांध व तटबंदी दाखविते.

(४) चाचणी चर : यानंतर निवडक ठिकाणी अरुंद चर घेऊन थरांची जाडी, काळ व स्थिती तपासली जाते. ब्रिटनमध्ये सामान्यतः क्षेत्राच्या दोन ते पाच टक्के भागावर चर घेतले जातात. तटबंदी, रस्ते, दगडी इमारती अशा ठसठशीत अवशेषांचा शोध एवढ्याने लागतो. परंतु विखुरलेल्या झोपड्या, तुरळक दफने किंवा शिकारी टोळ्यांचे अल्पकालीन तळ सहज निसटतात. चरांत काही मिळाले नाही, म्हणजे तेथे काही नाही, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

दख्खनमधील विशेष अडचणी : परदेशात विकसित झालेली साधने दख्खनच्या पठारावर जशीच्या तशी लागू पडत नाहीत. येथील बेसाल्ट खडक स्वतःच चुंबकीय असल्याने चुंबकमापकाच्या नोंदी गोंधळाच्या येतात. काळ्या चिकण मातीत भूभेदी रडारचे तरंग थोड्याच खोलीवर शोषले जातात. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. वरची खापरे भेगांतून खाली जातात आणि खालच्या वस्तू वर ढकलल्या जातात. नद्यांच्या काठी याहून वेगळी स्थिती आढळते. प्रवरेकाठी नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांना १९५४ मध्ये जुन्या गोट्या-वाळूच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली; असे थर जाड गाळाखाली दडलेले असतात आणि भूपृष्ठावर त्यांची खूण नसते. पूल वा पाणीउपशाची केंद्रे बांधताना पायाचे खड्डे नेमके याच थरांपर्यंत जातात. म्हणून अशा ठिकाणी भूपृष्ठाच्या पाहणीला नदीने उघड्या केलेल्या दरडींच्या अभ्यासाची आणि छिद्रणातून काढलेल्या मातीच्या नमुन्यांची जोड द्यावी लागते.

महत्त्वनिर्धारण : सापडलेले प्रत्येक स्थळ राखणे शक्य नसते. त्यामुळे त्याचे महत्त्व ठरविताना काळ, दुर्मिळता, अवशेषांची टिकून राहिलेली स्थिती, शेजारच्या स्थळांशी असलेला संबंध, त्यातून मिळू शकणारी नवी माहिती आणि स्थानिक लोकांच्या श्रद्धा व स्मृती यांचा विचार केला जातो. भव्यता ही यांतील कसोटी नव्हे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावच्या टेकाडावर पाहण्यासारखी एकही वास्तू नव्हती; तथापि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे अनेक हंगाम केलेल्या उत्खननातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे, धान्यकोठार, पाटबंधाऱ्याचा चर आणि घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली बालके यांचा पुरावा मिळाला. महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांविषयी आज जे ज्ञात आहे, त्याचा मोठा भाग या एका पांढरीतून आला आहे [⟶ इनामगाव]. विदर्भातील महापाषाणीय शिलावर्तुळांचेही असेच आहे. नागपूरजवळील जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इ. ठिकाणची ही वर्तुळे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील असून त्यांत लोखंडी हत्यारे व घोड्यांची दफने मिळाली आहेत. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. जाणकार नसलेल्याला ही वर्तुळे माळावर पडलेल्या धोंड्यांहून वेगळी दिसत नाहीत. दगडाच्या खाणी, रस्ते व वाढती वसाहत यांपासून त्यांना असलेला धोका यामुळेच अधिक आहे.

उपाययोजना : परीक्षणाच्या अहवालात पुढील पर्यायांपैकी एक वा अनेक सुचविले जातात : प्रकल्पाची जागा बदलणे, जागा तीच ठेवून आराखड्यात फेरफार करणे व अवशेषांच्या भागात उद्यान किंवा मोकळे आवार राखणे, अवशेषांवर वाळू व मातीचे संरक्षक आच्छादन घालून उथळ पायाचे बांधकाम करणे, नष्ट होणाऱ्या भागाचे संपूर्ण उत्खनन व नोंद करणे, आणि बांधकाम चालू असताना पुरातत्त्वज्ञाची देखरेख ठेवणे. हा क्रम पसंतीचाही आहे. जागच्या जागी जतन हा सर्वांत इष्ट पर्याय मानतात. कारण भावी पिढ्यांना आजच्यापेक्षा चांगली साधने उपलब्ध होतील, हे गृहीत धरता येते. उत्खननाचा पर्याय निवडल्यास वस्तूंची साठवण, पृथक्करण व वृत्तांताचे प्रकाशन यांचाही खर्च आधीच मंजूर करून घ्यावा लागतो. वृत्तांत प्रसिद्ध न झालेले उत्खनन विनाशाहून फारसे वेगळे नसते. याखेरीज काम करताना अनपेक्षित अवशेष निघाल्यास ते तात्काळ थांबवून कळविण्याची अट कंत्राटात घालतात. आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या कर्जाने होणाऱ्या प्रकल्पांत ही अट आता सर्वत्र असते.

योशिनोगारी : औद्योगिक बांधकामापूर्वीच्या परीक्षणाचे जपानमधील योशिनोगारी हे अत्यंत बोधप्रद उदाहरण होय. जपानमध्ये १९५० च्या सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायद्यानुसार व त्यातील पुढील दुरुस्त्यांनुसार ज्ञात स्थळी बांधकाम करण्यापूर्वी सूचना देणे बंधनकारक आहे. उत्खननाचा खर्च विकासकाने सोसावा, अशी प्रथाही तेथे रूढ झाली. त्यामुळे त्या देशात दरवर्षी होणाऱ्या हजारो उत्खननांपैकी बहुसंख्य बांधकामपूर्व असतात. क्यूशू बेटावरील सागा प्रांताने १९८० नंतरच्या दशकात एका टेकडीवर औद्योगिक वसाहत उभारण्याची योजना आखली. प्राथमिक पाहणीत तेथे यायोई काळातील (इ. स. पू. पहिले सहस्रक ते इ. स. तिसरे शतक) अवशेष असल्याचे दिसले. काही भाग हरित पट्टा म्हणून राखून उरलेल्या भागाचे उत्खनन करावे आणि नंतर जागा उद्योगांना द्यावी, असे ठरले. १९८६ मध्ये तादाआकी शिचिदा यांच्या देखरेखीखाली विस्तृत उत्खनन सुरू झाले.

जसजसे काम पुढे गेले, तसतसे आधीचे अनुमान अपुरे असल्याचे दिसून आले. सु. अडीच किमी. लांबीच्या बाह्य खंदकाने वेढलेली सु. ४० हेक्टर क्षेत्राची वसाहत, आतील खंदक, टेहळणीच्या मनोऱ्यांच्या खांबांचे खळगे, कोठारांचे गट, कुंभांत पुरलेली दोन हजारांहून अधिक माणसे व त्यांत शिरविरहित सांगाडे, तसेच मातीच्या प्रचंड उंचवट्याखालील सरदार घराण्याची दफने उजेडात आली. यांपैकी एका कुंभात ब्राँझची तलवार व निळ्या काचेचे नळीच्या आकाराचे मणी होते. चिनी इतिहासग्रंथात जपानमधील हिमिको राणीच्या राज्याचे वर्णन करताना मनोरे व लाकडी कोट यांचा उल्लेख येतो. तशा वसाहतीचा प्रत्यक्ष पुरावा येथे प्रथमच एवढ्या विस्ताराने मिळाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ही वार्ता प्रसिद्ध होताच लाखो लोकांनी स्थळ पाहण्यासाठी गर्दी केली आणि मार्चमध्ये प्रांताच्या राज्यपालांनी औद्योगिक वसाहतीचे काम थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. १९९१ मध्ये स्थळाला विशेष ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००१ मध्ये तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान सुरू झाले.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की पहिल्या पाहणीत स्थळाचे अस्तित्व कळले, तरी त्याची योग्यता कळली नव्हती. उत्खनन केवळ नोंदीसाठी म्हणून सुरू झाले होते. दुसरी अशी, की नवी माहिती हाती आल्यावर आधीचा निर्णय फिरविण्याचा अधिकार असलेली संस्था अस्तित्वात होती आणि तिने तो वापरला.

जूकान घळ : हा अधिकार नसेल, तर उत्तम परीक्षणही निष्फळ ठरते, हे पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागातील घटनेने दाखवून दिले. तेथील जूकान घळीतील शैलाश्रयांत सु. ४६,००० वर्षांपूर्वीपासून मानवी वावर होता. लोहखनिजाच्या खाणीसाठी ते नष्ट करण्याची परवानगी राज्याच्या १९७२ च्या आदिवासी वारसा कायद्याखाली २०१३ मध्ये मिळाली. २०१४ मध्ये खाणकंपनीच्याच खर्चाने तेथे बचाव उत्खनन झाले आणि त्यात सु. ७,००० वस्तू मिळाल्या. माणसांच्या केसांपासून विणलेल्या, सु. ४,००० वर्षांपूर्वीच्या पट्ट्याचा तुकडा त्यांत होता. त्याच्या आनुवंशिक तपासणीतून आजच्या पुउटू कुंटी कुर्रामा व पिनिकुरा लोकांशी नाते दिसून आले. स्थळाचे महत्त्व निःसंशय सिद्ध झाले होते. परंतु दिलेल्या परवानगीविरुद्ध दाद मागण्याची सोय मूळ रहिवाशांना कायद्यात नव्हती. २४ मे २०२० रोजी सुरुंग लावून शैलाश्रय उद्ध्वस्त करण्यात आले. यानंतर संसदीय चौकशी झाली. राज्याने २०२१ मध्ये केलेला नवा कायदा २०२३ मध्ये रद्द होऊन १९७२ चाच कायदा दुरुस्त्यांसह पुन्हा लागू झाला. त्यात नवी माहिती मिळाल्यास परवानगीचा फेरविचार करण्याची तरतूद आली.

भारतातील स्थिती : १८७८ च्या निधिविषयक कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, पण तो कायदा वस्तूंपुरता आहे, थरांपुरता नाही. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ अन्वये राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली स्थळे केंद्र शासनाच्या संरक्षणाखाली येतात. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्थळाच्या सभोवती १०० मी. पर्यंत प्रतिबंधित क्षेत्र व त्यापुढे २०० मी. पर्यंत नियंत्रित क्षेत्र निश्चित केले, तसेच राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची स्थापना करून मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचा विचार करण्याचे काम त्याकडे सोपविले. महाराष्ट्रात राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा स्वतंत्र अधिनियम आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार अर्जदाराला प्रकल्पापासून १५ किमी.च्या परिसरातील संरक्षित सांस्कृतिक स्थळांची माहिती द्यावी लागते.

या सर्व तरतुदींचा रोख आधीच घोषित झालेल्या स्थळांवर आहे. केंद्राच्या संरक्षणाखालील स्थळांची संख्या साडेतीन हजारांहून थोडी अधिक आहे. ज्ञात, परंतु असंरक्षित अशी स्थळे त्याहून कितीतरी अधिक असून अज्ञात स्थळांची गणतीच नाही. नियोजित जागेत प्रत्यक्ष चालून, चाचणी चर घेऊन असे अज्ञात स्थळ शोधण्याची सार्वत्रिक सक्ती भारतीय कायद्यात नाही. एखादी पांढरी कोणत्याही सूचीत नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती रिकामी जमीनच ठरते. मोठ्या जलाशयांच्या बाबतीत पाहणीची प्रथा नागार्जुनकोंड्यापासून पडली आणि नर्मदेच्या खोऱ्यातही मंदिरे हलविण्याचे काम झाले. औद्योगिक वसाहती, खाणी व महामार्ग यांच्या बाबतीत ती तितकी रुळली नाही. पुणे जिल्ह्यातील उजनी जलाशयात गेलेले पळसदेवचे पळसनाथ मंदिर पाणी उतरले की वर दिसते. दगडी मंदिर पाण्याखालीही बराच काळ तग धरते. त्याच काठांवरील मातीच्या वसाहतींच्या वाट्याला तेवढेही आयुष्य येत नाही.

मर्यादा : बांधकामपूर्व परीक्षणाचा खर्च प्रकल्पाचा प्रवर्तक करतो आणि पुष्कळदा परीक्षक संस्थेची नेमणूकही तोच करतो, त्यामुळे निष्कर्षांवर दडपण येण्याचा संभव असतो. यासाठी अहवालाची छाननी स्वतंत्र शासकीय पुरातत्त्वज्ञाकडून व्हावी, असा संकेत अनेक देशांत आहे. प्रशिक्षित माणसांची कमतरता, मुदतीची घाई आणि अप्रकाशित अहवालांचे ढीग या अडचणी संपन्न देशांतही जाणवतात. दुसऱ्या बाजूने, परीक्षण म्हणजे उद्योगाला विरोध नव्हे. आराखडा कागदावर असताना एखादी इमारत काही मीटर सरकविण्यास फारसा खर्च येत नाही. पाया खणताना अवशेष निघाल्यावर काम थांबविणे मात्र प्रवर्तक, कामगार व शासन या सर्वांनाच महाग पडते. अफगाणिस्तानातील मेस आयनाक येथे तांब्याच्या खाणीचा करार २००८ मध्ये आधी झाला आणि तेथील विस्तीर्ण बौद्ध विहारांचे व प्राचीन ताम्रकारांच्या वसाहतीचे बचाव उत्खनन २००९ मध्ये नंतर सुरू झाले. त्यामुळे पुढील अनेक वर्षे खनिज व वारसा हे दोन्ही प्रश्न अनिर्णीत राहिले. ज्या देशांनी परीक्षण परवान्याच्या आधी ठेवले, त्यांना दर वेळी स्थळ वाचविता आले असे नाही. परंतु काय गमावले जात आहे, हे जाणून निर्णय घेणे त्यांना शक्य झाले.